दमणचे दोन रकाने

बोईसरहून उत्तरेला निघालेली गाडी वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, संजाण करत वापीला पोचते. वापीहून दमण अगदी जवळ. तारापूर एमआयडीसीतल्या बऱ्याच जणांना दमण ठाऊक असतं ते सुट्टीच्या दिवसामुळे; का, ते या लाइनीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण याच दमणमध्ये १८९७ साली माणसांची एक मोजणी झाली होती. प्लेगची लस टोचून घेतलेले किती, न घेतलेले किती, आणि दोन्हींतले मेले किती. कागदावर रकाने दोनच. लस माणसाला खरोखर वाचवते का, या प्रश्नाला अख्ख्या वस्तीच्या आकड्यांनी दिलेली उत्तरं तेव्हा जगात मोजकीच होती, आणि त्यांतलं एक तारापूरच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर मिळालं.

तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातला, तालुका माहीम, आणि पालघर म्हणजे त्या तालुक्यातलं एक रेल्वे स्टेशन. तारापूर मात्र जुनं बंदर. १७३९ पर्यंत तारापूर आणि दमण एकाच पोर्तुगीज अमलाखाली नांदत होते. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, पाठोपाठ वसई पडली, पण दमण पोर्तुगीजांकडेच राहिलं, ते थेट १९६१ पर्यंत. त्यामुळे किनारा एक, वारा एक, गुजराती-मराठीची सरमिसळ तीच, आणि मध्ये दोन राज्यांची सरहद्द. गलबतांना ती फारशी अडवत नसे. उंदरांना तर नाहीच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी एका रोग्याचा ताप आणि जांघेतली गाठ पाहिली आणि हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. आधी उंदीर पडू लागले, मग माणसं. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग पुढची तीस वर्षं मराठी घराघरांत इतका रुळला, की छपरावरून एक मेलेला उंदीर खाली आला तरी गाव सामान बांधायला लागे.

फेब्रुवारी १८९७ येईतो आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली होती. जायच्या वाटा मोजक्याच: घाटावरची रेल्वे, कोकणातली आगबोट, आणि उत्तरेकडे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. १८६४ पासून धावणारी ही गाडी पालघर, बोईसरवरूनच सुरतेकडे जाते. चिनी बंदरांतून बोटीने आलेल्या रोगाला मुंबईत आयताच लोखंडी रस्ता मिळाला.

वाल्डेमार हाफकिन मुंबईत पोचले ७ ऑक्टोबर १८९६ ला. जन्म १८६० चा, ओडेसातल्या ज्यू घरातला. गुरू इल्या मेच्निकॉफ, ज्यांनी शरीरात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात हे दाखवलं. गुरूच्या पाठोपाठ शिष्यही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तिथे १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याची लस काढून स्वतःला टोचून घेतली आणि ती घेऊन हिंदुस्थानात आला. आता सरकारने त्यांना प्लेगच्या मागे लावलं. जागा दिली ग्रँट मेडिकल कॉलेजात: एक खोली, एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या संसारात तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी झाली, हे जवळून बघण्यासारखं आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गोमांस चालणार नाही आणि डुकराचंही चालणार नाही, हे हाफकिन यांनी ओळखलं होतं. त्यांनी बकऱ्याचं मांस आम्लात पचवून रस्सा केला. तो काचेच्या चंबूत भरला, त्यात प्लेगचे जंतू सोडले आणि वर तुपाचे थेंब टाकले. तूप तरंगतं. जंतूंच्या वसाहती त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून वाढू लागल्या आणि रस्श्यात खाली लोंबू लागल्या, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबतात तशा. चंबूला जरासा हिसका दिला की सगळे सुळे तुटून पावसासारखे तळाशी बसत, आणि थेंबांखाली नवे फुटत. पाचसहा आठवड्यांत तळाशी जाड गाळ जमे. प्लेगच्या जंतूची अशी वाढ ही त्याची ओळखही होती: चंबूत दुसरंच काही शिरलं असेल तर सुळे लोंबत नसत. मग तो द्रव तासभर तापवून जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं आणि बाटल्या भरायच्या. ज्या लशीने पुढे कोट्यवधी माणसांच्या दंडात जागा मिळवली तिची सुरुवात ही अशी, जवळजवळ स्वयंपाकघरातली.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी दहा घन सेंटिमीटर द्रव स्वतःला टोचून घेतला. ताप आला, अंग दुखलं, आणि उतरलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांतल्या राजी असलेल्यांना लस देण्यात आली. टोचलेले दीडशेच्या आसपास. न टोचलेले त्याहून थोडे जास्त. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचणीचा अंमल चढल्यावर टोचलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. तुरुंगात सगळ्यांचं जेवण एक, कोठड्या एक, ही सोय होती. पण आकडे फार लहान. सहाचे शून्य झाले, ते लशीने की नशिबाने, असं कुणीही विचारू शकत होतं.

याच महिन्यांत पुण्यात काय चाललं होतं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. पाठोपाठ गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, रोग्यांना आणि धडधाकटांनाही छावण्यांत नेऊ लागले. १० मार्चला प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडला गोळी घातली. सरकारचा भर शोधाशोध, जाळपोळ आणि छावण्या यांवर होता. सुई तेव्हा बाजूला पडली होती. लोकांनीही सुईला सरकारच्याच खात्यात टाकलं. टोचलं की माणूस वर्षभरात मरतो, नपुंसक होतो, बाटतो, अशा वावड्या उठत होत्या. बंदूक घेऊन दारात आलेल्या सरकारची सुई लोकांनी विश्वासाने दंडात घ्यावी, ही अपेक्षाच मुळात भाबडी होती.

दमणला ही भानगड नव्हती. ब्रिटिश कायदा सरहद्दीवर थांबत होता. ‘लोअर दमण’ म्हणून इंग्रजी कागदांत नोंदलेल्या भागात १८९७ च्या पूर्वार्धात प्लेग शिरला, आणि छोट्याशा वस्तीत त्याने जो धुमाकूळ घातला तो मुंबईतही कुठल्या वॉर्डात दिसला नव्हता. तिथे लस पोचली आणि लोकांनी ती मोठ्या संख्येने घेतली. नंतर हाफकिन आणि मुंबईच्या प्लेगच्या कामातले लष्करी डॉक्टर लायन्स यांनी मिळून दमणच्या साथीचा अहवाल लिहिला.

लोकसंख्या ८,२३०. पहिला रकाना, टोचलेले: २,१९७. त्यांतले प्लेगने मेले ३६. दुसरा रकाना, न टोचलेले: ६,०३३. त्यांतले मेले १,४८२.

शंभरात दीड-पावणेदोन एकीकडे, शंभरात साडेचोवीस दुसरीकडे. दर चौथ्या माणसाला उचलणारी साथ शेजारच्याच घरात, सुई टोचून घेतलेल्या माणसाला वळसा घालून जात होती. न टोचलेल्यांच्या हिशेबाने मरण आलं असतं तर पहिल्या रकान्यात पाचशे चाळीसच्या आसपास मृत्यू लिहावे लागले असते.

आता इथे चोखंदळ वाचकाने हात वर करायला हवा. साथ चालू असतानाच टोचणी झाली. मग टोचणी पोचण्याआधीच जे गेले ते कुठल्या रकान्यात? अर्थात दुसऱ्या. त्याने दुसरा रकाना फुगतो. शिवाय लस घ्यायला आपण होऊन येतो तो कोण? बहुधा जरा बऱ्या घरात राहणारा, जाणता, आणि त्या दिवशी तरी अंगात ताप नसलेला. त्याने पहिला रकाना गोंडस दिसतो. हे आक्षेप आजचे नाहीत. १८९८-९९ मध्ये सर थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानभर हिंडलेल्या प्लेग कमिशनने लशीच्या आकडेवारीवर असेच ताशेरे ओढले. कमिशनमध्ये आल्मरोथ राईट होते, टायफॉइडच्या लशीवर स्वतः काम केलेले. त्यांच्यापुढे गोल गोल हिशेब चालण्यासारखा नव्हता. तरीही कमिशनने मान्य केलं की लशीमुळे लागणही कमी होते आणि मृत्यूही.

हाफकिन यांनाही दमणच्या कागदातली फट दिसत असणार. कारण वर्षभरात, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी जो प्रयोग केला तो त्या फटीवरच बेतलेला दिसतो. गावाची यादी केली. कुटुंबं एकेक करून पुढे बोलावली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचलं, अर्ध्यांना नाही. म्हणजे एकाच चुलीवरचं खाणारे, एकाच ओसरीवर झोपणारे, एकाच कणगीतल्या उंदरांचे शेजारी. फरक फक्त सुईचा. नंतर ४२ दिवस गावात प्लेग राहिला आणि २८ कुटुंबांत शिरला. त्या कुटुंबांत टोचलेले ७१ होते: ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेले ६४: २७ आजारी, २६ मृत्यू.

सत्तावीसांतला एकच जण उठला. दोन भावांतल्या कोणाला सुई आणि कोणाला नाही, हे ओसरीवर उभं राहून ठरवताना त्या घरांत काय झालं असेल, हे अहवालात नाही. आज असा प्रयोग कुठलीही नीतिमत्ता समिती होऊ देणार नाही. पण दमणच्या रकान्यांवर जी शंका घेता येत होती ती उंधेऱ्यावर घेता येईना.

रोग पसरतो कसा, हे मात्र अजून कुणाला कळलेलं नव्हतं. हाफकिन यांच्याकडे लस होती, पण पिसू त्यांच्या हिशेबात नव्हती. जून १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत काचेच्या बरणीत एक प्लेगचा उंदीर ठेवला, त्याच्या अंगावर पिसवा सोडल्या आणि जवळच जाळीत एक निरोगी उंदीर टांगला. दुसराही मेला. बरेच दिवस कुणी ते मानलं नाही. १९०५ नंतर मुंबईत बसलेल्या संशोधन कमिशनने परळला हेच शेकडो वेळा करून पाहिलं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला प्लेग झाला. दोन फुटांवरच्याला झाला नाही. पिसूची उडी तेवढ्या उंचीवर पोचत नाही. हवा, माती, धान्य, देवीचा कोप असे सगळे तर्क त्या दोन फुटांत निकालात निघाले. चटईवर झोपणारा आणि बाजेवर झोपणारा यांच्यातला फरकही मग लक्षात येऊ लागला.

तुपाच्या थेंबाखाली वाढलेल्या मेलेल्या जंतूने माणूस वाचायचा तो का? हाफकिन यांचा तर्क असा, की जंतूंची शरीरं आणि रस्श्यात उतरलेलं त्यांचं विष ही दोन्ही शरीराला आधीच दाखवली तर लागणही टळेल आणि झालीच तरी मरण टळेल. तर्क अर्धा बरोबर होता. उरलेलं उत्तर यायला शंभर वर्षं गेली, आणि ते अजून पुरं झालेलं नाही.

प्लेगचा जंतू, आजचं नाव येर्सिनिया पेस्टिस, पिसवेच्या पोटात असतो तेव्हा थंड असतो. माणसाच्या रक्तात ३७ अंशांची ऊब लागली की तो वेष बदलतो. जंतूंच्या भिंतीतला जो पदार्थ पाहून आपलं शरीर एरवी बोंब ठोकतं, त्याची घडण तो बदलतो; पहारेकऱ्याला चाहूलच लागत नाही. अंगावर एफ-वन नावाच्या प्रथिनाची साय चढवतो, म्हणजे मेच्निकॉफच्या भक्षक पेशींना तो धरता येऊ नये. आणि तरी एखादी पेशी जवळ आलीच, तर त्याच्याकडे चक्क एक सुई असते. नळीसारखी, सूक्ष्म, पेशीच्या आत रुतणारी. तिच्यातून तो जी प्रथिनं टोचतो ती पेशीचा सांगाडा ढिला करतात आणि तिला लुळी करून सोडतात. उंदरांच्या फुप्फुसांत हा जंतू सोडून केलेल्या प्रयोगांत पहिले साधारण ३६ तास शरीर काहीच हालचाल करत नाही असं दिसलं. जाग येते तेव्हा उशीर झालेला असतो. जांघेतली ती गाठ म्हणजे जंतूंनी भरलेलं लसिकापिंड, शरीराची चौकीच शत्रूच्या ताब्यात गेलेली.

मेलेला जंतू सुई चालवू शकत नाही, पण त्याचा चेहरा ओळखू येतो. शरीर त्या चेहऱ्याची प्रतिपिंडं बनवून ठेवतं, पुढे जिवंत जंतू आला की ती त्याच्या सायीला चिकटतात आणि भक्षक पेशींना धरायला मूठ मिळते. हाफकिन यांचे चंबू मुंबईच्या हवेत, खोलीच्या तापमानाला ठेवलेले असत. एफ-वनची साय चढते ती खरी ३७ अंशांना. हे १९३० च्या दशकात ध्यानात आलं. म्हणजे दमणला गेलेल्या बाटल्यांत शरीराला दाखवायचा मुख्य पुरावाच तुटपुंजा असणार. तरीही आकडे तसे आले, याचं नवल आज जास्त वाटतं.

एवढं करून हाफकिन यांच्या वाट्याला आला तो ठपका. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली. एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे निघालं. पण तोवर दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथी बसला होता आणि हाफकिन पदावरून गेले होते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्र लिहिलं तेव्हा सरकारने डाग पुसला. ज्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून लस बनत होती त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. ते स्वतः १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले.

मग सल्फाची औषधं आली, स्ट्रेप्टोमायसिन आलं, टेट्रासायक्लिन आलं, आणि प्लेग गोळीने बरा होणारा रोग झाला. औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने तारापूर एमआयडीसीत उभे राहिले. ज्या किनाऱ्याने प्लेगला वाट दिली होती तोच औषधांचा किनारा झाला. पण १९९५ मध्ये मादागास्करमधल्या एका रोग्यात प्लेगचा असा जंतू सापडला की नेहमीची बहुतेक औषधं त्याला लागू पडेनात. त्यानंतर लशीकडे पुन्हा लक्ष गेलं. २०२१ मध्ये ऑक्सफर्डने कोव्हिडच्या लशीच्याच तंत्रावर प्लेगची लस करून ४० निरोगी माणसांवर चाचणी सुरू केली. २०२३ मध्ये इस्रायली संशोधकांनी एमआरएनए पद्धतीने लस बनवली आणि एका डोसात उंदीर वाचवले. जिवाणूंवर एमआरएनए चालेल का, अशी शंका होती. त्यांनी शरीराला दाखवायला निवडलेलं प्रथिन होतं एफ-वन.

२०२५ मध्ये आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. पुराण्या सांगाड्यांतला जंतूचा डीएनए तपासताना दिसलं, की जुन्या महासाथींच्या उत्तरार्धात काही जंतूंनी ‘पीएलए’ नावाच्या जनुकाच्या प्रती कमी करून घेतल्या होत्या. असे जंतू उंदरांना दिले तर ते जरा सावकाश मरतात. उंदीर फार लवकर संपले तर जंतूलाही पुढचं घर मिळत नाही, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

या नव्या लशींच्या बऱ्याच आधी, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरतेत फुप्फुसांचा प्लेग असल्याची बातमी फुटली आणि ९७ वर्षांनी याच रुळांवरून पुन्हा माणसं पळाली. या वेळी उलट्या दिशेने. कापड गिरण्यांतले, हिऱ्यांच्या घंट्यांवरचे लाखो कामगार सुरत सोडून निघाले. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरल्या, आणि त्या गाड्या बोईसर, पालघरवरूनच आल्या. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं. मृत्यू पन्नासच्या थोडे वर होते. हा प्लेग होताच का, यावर मात्र पुढे वर्षानुवर्षं वाद चालले, आणि अखेर रोग्यांच्या नमुन्यांतला डीएनए तपासल्यावर येर्सिनिया पेस्टिसचंच नाव आलं.

जुलै २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर, तलासरी तालुक्यातल्या झाई गावात झिका विषाणूचा रुग्ण सापडला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलं. राज्यातली ही दुसरी नोंद, पहिली आदल्या वर्षीची, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरची. झाई म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तर टोक. तिथून दमण तीसेक किलोमीटर. आरोग्य खात्याने परिसरात तापाच्या रुग्णांचा आणि डासांच्या जागांचा शोध सुरू केला. झिकावर लस तेव्हा नव्हती, आजही नाही. झिकाच्या तक्त्यात टोचलेल्यांचा रकाना काढायचं कारणच नव्हतं.